पीसीवर व्हीआर: क्वेस्ट ३, पीएसव्हीआर२ की जुना इंडेक्स?

रानवाटा | ६ डिसेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

पीसीला जोडून वापरायचा व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट घ्यायचं बरीच वर्षं मनात आहे. यंदा घेणारच. पण दोन महिने व्हिडिओ बघून डोकं भंजाळलंय. जो तो रिझोल्यूशनचे आकडे फेकतो आणि शेवटी स्वतःकडचाच हेडसेट उत्तम म्हणून सांगतो. इथे वापरणारे बरेच आहेत, म्हणून धागा काढतोय.

माझा पीसी: रायझन ५ ५६००, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० १२ जीबी. ग्राफिक्स कार्ड आणखी दोन वर्षं तरी बदलणार नाही.

काय खेळणार, तर सगळ्यात आधी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. लोहगाववरून उडायचं, सिंहगड डावीकडे ठेवून तोरण्याला फेरी मारायची, हे स्वप्न आहे. मग असेटो कोर्सा (स्टिअरिंग व्हील आहे), आणि हाफ-लाइफ: ॲलिक्स एकदा तरी संपवायचाय.

खोली ११ बाय १०. त्यात पलंग आणि आरशाचं कपाट. मोकळी जागा म्हणाल तर सहा बाय पाच फूट.

डोळ्यासमोर चार पर्याय आहेत: मेटाचे क्वेस्ट ३एस आणि क्वेस्ट ३, सोनीचा पीएसव्हीआर२ अधिक पीसी अडॅप्टर, आणि ओळखीच्या एकाकडचा जुना व्हॉल्व्ह इंडेक्स, पूर्ण संच. बजेट सगळं धरून साठ हजार.

---

टिंबटिंब | ६ डिसेंबर, रात्री ९.५२

पलंग बाहेर काढा. निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

---

चक्रपाणी_के | ६ डिसेंबर, रात्री ११.१५

हेडसेटच्या आधी तुमच्या कार्डाबद्दल बोलू.

दोन्ही डोळ्यांचे मिळून पिक्सेल मोजा. इंडेक्स: एका डोळ्याला १४४०×१६००, म्हणजे एकूण ४६ लाख. क्वेस्ट ३एस: १८३२×१९२०, सुमारे ७० लाख. पीएसव्हीआर२: २०००×२०४०, साधारण ८२ लाख. क्वेस्ट ३: २०६४×२२०८, ९१ लाख. फोर-के टीव्ही ८३ लाखांचा असतो आणि तुमच्या समोरचा फुल एचडी मॉनिटर २१ लाखांचा. म्हणजे क्वेस्ट ३ पूर्ण ताकदीने चालवायचा तर कार्डाने फोर-केपेक्षा जास्त काम करायचं, तेही सेकंदाला ९० वेळा.

एवढ्यावरही भागत नाही. लेन्समधून चित्र कडांना ताणलं जातं. ते सरळ दिसावं म्हणून सॉफ्टवेअर आधीच ते उलट दिशेने फुगवतं. त्यात मध्यभागाची धार जाऊ नये म्हणून मूळ चित्र पडद्यापेक्षा मोठं काढावं लागतं. स्टीमव्हीआरमध्ये (पीसीवर व्हीआर चालवणारं सॉफ्टवेअर) इंडेक्सचा आकडा १०० टक्क्यांवर २०१६×२२४० दिसतो तो त्यामुळेच: दोन्ही बाजूंना १.४ पट, म्हणजे पिक्सेल जवळजवळ दुप्पट.

९० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं असताना, एका फ्रेमला ११.१ मिलिसेकंद मिळतात, ७२ ला १३.९, १२० ला ८.३. मॉनिटरवर एखादी फ्रेम उशिरा आली तर आपण चालवून घेतो. डोक्यावर हेडसेट असताना तीच फ्रेम पोटात कळते.

म्हणून ३०६० वाल्याने ‘सर्वात जास्त रिझोल्यूशन कुणाचं’ हे विचारूच नये. ‘माझं कार्ड वेळेत काय देऊ शकतं आणि तेवढं चित्र कुठल्या लेन्समधून चांगलं दिसतं’ हे विचारावं. माझं मत क्वेस्ट ३ ला, पण रिझोल्यूशनसाठी नाही, पॅनकेक लेन्ससाठी. का ते उद्या लिहितो, सकाळी लवकर उठायचंय.

---

अवघड_वळण | ७ डिसेंबर, सकाळी ८.०५

रानवाटा भावा, इंडेक्स सोडू नकोस.

मी कोल्हापुरात तीन वर्षं इंडेक्सवर असेटो चालवतोय. कारण एकच. तो डिस्प्लेपोर्टला थेट लागतो. कार्डातून निघालेलं चित्र आहे तसं डोळ्यापर्यंत पोचतं. क्वेस्टला डिस्प्लेपोर्ट नाहीच. यूएसबीने जोडा नाहीतर वायफायने, पीसी आधी प्रत्येक फ्रेम व्हिडिओसारखी दाबून पाठवतो आणि हेडसेट ती उघडतो. त्यात वेळ जातो. लांबच्या झाडीत चित्र गिचमिड होतं. आणि दाबायचं काम पुन्हा तुझ्याच कार्डावर.

वर १२० आणि १४४ हर्ट्झ. असेटो २०१४ चा गेम, ३०६० वर एकट्याने लॅप मारायला सुरेख चालतो. १२० ला वळणाचा ॲपेक्स (सगळ्यात आतला बिंदू) नजरेने धरता येतो, तो अनुभव वेगळाच. कानाजवळ तरंगणारे स्पीकर तर नाद खुळा.

---

गंधाली | ७ डिसेंबर, सकाळी १०.३०

कुणीच विचारलं नाही म्हणून विचारते. रानवाटा, तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर किती?

माझं ५६ मिलिमीटर. पहिला हेडसेट घेतला (नाव सांगत नाही, चूक माझ्या न मोजण्याची) त्यात लेन्स सरकवायला मोजक्या जागा होत्या आणि सगळ्यात जवळची जागाही मला लांब पडायची. महिनाभर वाटत होतं की व्हीआर आपल्याला झेपत नाही. वीस मिनिटांत कपाळ ठणकायचं. मग मैत्रिणीचा चाकाने सलग सरकणारा हेडसेट लावला आणि अक्षरं एकदम स्थिर झाली. मी तिथेच रडवेली झाले होते, इतके दिवस स्वतःला दोष देत होते.

चष्म्याच्या दुकानात हे अंतर, म्हणजे पीडी, मोजून मागा, पाच मिनिटांचं काम आहे. क्वेस्ट ३एसमध्ये ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा आहेत. क्वेस्ट ३ ला चाक आहे. तुमचं ६३ च्या आसपास असेल तर ३एस चालेल, ६०-६१ असेल तर आधी लावून बघा.

---

रानवाटा | ७ डिसेंबर, दुपारी १.१०

गंधाली, मोजलेलं नव्हतं! आत्ता चष्म्याचा जुना कागद शोधला. त्यावर ६१ लिहिलंय. म्हणजे ३एस बाजूला पडतोय बहुधा.

अवघड_वळण, मोह तर होतोय. पण लांबची झाडी म्हणालात तिथे थोडा अडकलो. सह्याद्रीत उडायचं म्हणजे सगळी लांबचीच झाडी.

---

नाशिकचा_निवृत्त | ७ डिसेंबर, दुपारी ४.२०

विषयातलं काही कळत नाही, पण वाचायला मजा येते. एक बाळबोध प्रश्न. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांत छान दिसतो. मग इथे ९० कशाला?

---

चक्रपाणी_के | ७ डिसेंबर, रात्री ९.००

काका, प्रश्न बाळबोध अजिबात नाही, इथेच सगळं आहे.

सिनेमात कॅमेरा दुसऱ्याने हलवलेला असतो, आपण खुर्चीत स्थिर. हेडसेटमध्ये कॅमेरा म्हणजे तुमची मान. मान वळली की समोरचं जग लगेच उलट्या दिशेने सरकलं पाहिजे, कारण जन्मापासून तसंच होत आलंय. २४ चित्रांत दोन चित्रांमध्ये ४२ मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात मान पुढे गेलेली असते आणि चित्र मागे राहिलेलं. भिंत डोक्याबरोबर ओढली जाते आणि मग जागेवर येते. आपल्या डोक्याला हे मुळीच पटत नाही.

म्हणून २०१६ मध्ये रिफ्ट आणि व्हाइव्ह हे हेडसेट बाजारात आले तेव्हाच दोघांनी ९० हर्ट्झ ठेवलं. कार्ड पोचलं नाही तर मधली फ्रेम अंदाजाने तयार करायची युक्तीही आहे. गेम ४५ च देतो, उरलेल्या ४५ सॉफ्टवेअर रचतं. मान वळवण्यापुरतं ते बेमालूम जमतं, पण जवळून सरकणाऱ्या वस्तूंच्या कडा पाण्यात हलल्यासारख्या दिसतात. विमानात डोंगर लांब आणि संथ, म्हणून तिथे खपून जातं. रेसिंगमध्ये शेजारची गाडी आणि कठडा जवळ, तिथे नाही खपत.

आता काल राहिलेलं. इंडेक्स आणि पीएसव्हीआर२ दोन्हींत फ्रेनेल लेन्स आहेत, गोल गोल खाचांच्या. अंधारात पांढरं अक्षर आलं की त्या खाचांवरून उजेडाचे फराटे पसरतात, आणि नजर मध्यापासून ढळली की चित्र मऊ पडतं. क्वेस्ट ३ च्या पॅनकेक लेन्समध्ये कडेपर्यंत स्वच्छ दिसतं. कॉकपिटमध्ये मान न हलवता, फक्त डोळे खाली करून अल्टिमीटर वाचता येतो. फ्लाइट सिमवाल्याला यापेक्षा मोठं सुख नाही. इंडेक्सवर तोच आकडा वाचायला पुढे वाकावं लागतं, कारण मुळात पिक्सेलच निम्मे.

अवघड_वळण म्हणतात ते दाबून पाठवण्याचं खरंच आहे. ते मी नाकारत नाही. एचईव्हीसी १० बिट या दाबायच्या पद्धतीला सेकंदाला २०० मेगाबिट दिले की कॉकपिट स्वच्छ, झाडीत मात्र अजून जाणवतं. ४० मालिकेच्या कार्डांना एव्ही१ या नव्या पद्धतीने दाबता येतं, ३०६० ला ते येत नाही.

---

पैलतीर | ७ डिसेंबर, रात्री ११.४५ (डॅलसची दुपार)

पीएसव्हीआर२ ची बाजू कुणी घेईना म्हणून मी घेतो. सोनीचं पीसी अडॅप्टर ऑगस्ट २०२४ मध्ये आलं, मी ते त्याच महिन्यात घेतलं.

त्याचं वैभव म्हणजे ओएलईडी पडदा. क्वेस्ट आणि इंडेक्स दोन्ही एलसीडी, काळा म्हणून जो दिसतो तो गडद राखाडी असतो. ॲलिक्समध्ये एक भाग जवळजवळ मिट्ट काळोखात आहे, हातात फक्त विजेरी. ओएलईडीवर तो भाग खेळताना मी दोनदा थांबून हॉलमधला दिवा लावून आलो. रात्रीचं उड्डाण, खाली शहराचे दिवे, हे ज्याने ओएलईडीत पाहिलं त्याला राखाडी रात्र पुन्हा गोड लागत नाही.

आणि तो थेट डिस्प्लेपोर्टवर चालतो, दाबादाबी नाही.

आता पीसीवर अधिकृतपणे काय चालत नाही ते आधीच माहीत असू द्या. एचडीआर नाही, डोळ्यांचा मागोवा नाही, हेडसेटची थरथर नाही, ट्रिगरचा बदलता ताणही नाही. त्या गोष्टी प्लेस्टेशनवरच. कंट्रोलरसाठी पीसीला ब्लूटूथ ४.० लागतं आणि कार्डावर डिस्प्लेपोर्ट १.४. लॅपटॉपवाल्यांनी हे नीट तपासावं, नुसतं एचडीएमआय चालत नाही.

लेन्समधून जिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं तो मधला भाग लहान आहे हे चक्रपाणींचं बरोबर. हेडसेट अर्धा सेंटिमीटर खाली सरकला की धूसर. पहिल्या आठवड्यात वैताग येतो, मग हात आपोआप जागेवर बसवतो.

---

मिहीर_औ | ८ डिसेंबर, सकाळी ७.३०

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप आरटीएक्स ३०५०, ४ जीबी. हॉस्टेल. माझं काही होईल का?

---

अवघड_वळण | ८ डिसेंबर, सकाळी ८.००

मिहीर, ४ जीबीत व्हीआर म्हणजे सायकलवर ऊस वाहणं. ॲलिक्सचीच किमान अट ६ जीबीचं जीटीएक्स १०६० आहे.

---

चक्रपाणी_के | ८ डिसेंबर, सकाळी ९.१०

मिहीर, निराश होऊ नकोस. क्वेस्ट ३एस स्वतःच एक चालता कॉम्प्युटर आहे, त्यावर बीट सेबरसारखे गेम पीसीशिवाय चालतात. पीसीचा नाद नोकरी लागल्यावर. पण निव्वळ तुझ्या लॅपटॉपसाठी म्हणून घेऊ नकोस, हे अगदी मनापासून सांगतो. आणि हॉस्टेलच्या सामायिक वायफायवरून चित्र पाठवायचा प्रयत्न करू नकोस, मग चांगल्या हेडसेटबद्दलही उगाच वाईट मत होतं.

---

डॉ_सावनी | ८ डिसेंबर, रात्री १०.०५

मी कान-नाक-घशाची डॉक्टर, आणि घरात एक क्वेस्ट आहे. एक गोष्ट चर्चेत यायला हवी.

आपल्याकडे ‘गाडी लागते’ म्हणतात ना, तसाच व्हीआरही लागतो, फक्त उलट बाजूने. घाटात बस वळते ते कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांना कळतं, पण डोळे समोरच्या सीटच्या पाठीकडे असतात. व्हीआरमध्ये डोळ्यांना वळण दिसतं आणि कान सांगतो की आपण खुर्चीत स्वस्थ बसलोय. दोन्हीकडे साक्षी जुळत नाहीत आणि पोट ढवळतं.

काही सूचना. पहिले दोन आठवडे दहा ते पंधरा मिनिटांचीच बैठक. घाम सुटला, जांभया यायला लागल्या, तोंडाला पाणी सुटलं की त्याच क्षणी हेडसेट काढा. ‘थोडं सहन केलं की सवय होईल’ हे चूक आहे. रेटून खेळलं की शरीर हेडसेटचीच धास्ती घेतं, आणि मग तो हातात घेतला तरी मळमळतं. हळूहळू वाढवलं तर मात्र बहुतेकांना जमतं. चेहऱ्यावर पंखा ठेवा. विमान आणि मोटार त्या मानाने सोपी, कारण भोवती कॉकपिट स्थिर दिसतं. ॲलिक्समध्ये चालण्याऐवजी बटणाने एकदम दुसऱ्या जागी जायचा (टेलिपोर्ट) पर्याय आहे, सुरुवात त्याने करा. वळायचं ते टप्प्याटप्प्याने, सलग नाही.

ज्यांना अपस्माराचा किंवा चक्कर येण्याचा इतिहास आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. दहा वर्षांखालच्या मुलांना देऊ नका.

---

टिंबटिंब | ८ डिसेंबर, रात्री १०.१९

वरंधा घाटात आजी आवळासुपारी द्यायची. ती चालेल का?

---

डॉ_सावनी | ८ डिसेंबर, रात्री १०.४०

चालेल की! आल्याचा तुकडा त्याहून बरा. पण पंधरा मिनिटांचा नियम आवळासुपारीने बदलत नाही.

---

भरतीओहोटी | ९ डिसेंबर, दुपारी ३.१५

वेंगुर्ल्याहून लिहितोय. वाचनखूण साठवली.

किनाऱ्यावरच्या लोकांसाठी भर घालतो. हेडसेट कधीही उन्हात, खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. लेन्स म्हणजे भिंगच, सूर्य त्यातून पडद्यावर गोळा होतो आणि जळका डाग कायमचा राहतो. मिनिटभरही पुरतं. मी वापर झाला की लेन्सवर मऊ कापड घालून डब्यात ठेवतो, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट. कॅमेऱ्याची एक लेन्स बुरशीने गेली तेव्हा हा धडा मिळाला.

घामासाठी कापडी पट्टी काढून सिलिकॉनची लावली. धुता येते. पाहुण्यांना हेडसेट देताना हे फार बरं पडतं, आणि पाहुणे तर येतातच.

आता थोडं अवांतर, राहवत नाही. सिम्युलेटरमध्ये मी पहिल्यांदा आमच्या गावावर गेलो. तो उपग्रहाच्या चित्रांवरून घरं-झाडं आपोआप उभी करतो, त्यामुळे आमच्या कौलारू घराच्या जागी भलतंच घर होतं. पण खाडीचं वळण तेच. बंदराची जेटी, मागचा डोंगर, सगळं जागच्या जागी. वडील शेजारी उभे होते. हेडसेट त्यांच्या डोक्यावर दिला. ते बोलले काहीच नाहीत, नुसती मान वळवत राहिले. मग म्हणाले, “आपली बाव खंय दिसत नाय ती.” विहीर शोधत होते!

---

गंधाली | ९ डिसेंबर, संध्याकाळी ६.००

बाव वाचून डोळे भरले.

---

अवघड_वळण | १० डिसेंबर, सकाळी ८.२०

सुंदर लिहिलंत भरतीओहोटी.

मूळ प्रश्नावर येतो. रात्री विचार केला आणि रानवाटाची खोली पुन्हा वाचली. आरशाचं कपाट आहे. इंडेक्सच्या दोन बेस स्टेशनमधून लेझरचे पट्टे खोलीभर फिरतात, हेडसेट त्यावरून स्वतःची जागा काढतो. आरशावरून तो पट्टा परत आला की हेडसेट गोंधळतो, उभ्या उभ्या जमीन सरकते. मी आमच्या कपाटाच्या आरशावर चादर टाकतो. शिवाय दोन कोपऱ्यांत उंचावर ती यंत्रं, प्रत्येकाला वेगळा प्लग. घर भाड्याचं असेल तर भिंतीला भोकं पाडता येतात का ते बघ. आणि इंडेक्स २०१९ चा आहे, उत्पादन आता बंद, केबल गेली तर शोधत फिरावं लागेल.

हे सगळं असूनही रेसिंग पहिल्या नंबरावर असतं तर मी इंडेक्सच म्हटलं असतं. पण तुझं पहिलं विमान आहे. मग चक्रपाणी म्हणतात ते मान्य करतो.

---

पैलतीर | १० डिसेंबर, रात्री ११.३०

व्हॉल्व्हने गेल्या महिन्यात स्टीम फ्रेम हा नवा हेडसेट जाहीर केला तो कुणी काढला नाही. एका डोळ्याला २१६०×२१६०, पॅनकेक लेन्स, वजन ४४० ग्रॅम आणि पीसीला लावायचा ६ गिगाहर्ट्झचा स्वतःचा डोंगल (चित्र बिनतारी पाठवणारं छोटं यंत्र). नजर जिथे आहे तेवढाच भाग जास्त तपशिलाने पाठवायचा, बाकीचा कमी. झाडीच्या गिचमिडीवर हाच खरा इलाज वाटतो मला. जाहीर करताना २०२६ च्या सुरुवातीला येईल असं सांगितलं होतं. थांबता येत असेल तर थांबा.

---

चक्रपाणी_के | ११ डिसेंबर, सकाळी ९.४५

कल्पना फार हुशारीची आहे, पण किंमत जाहीर झाल्याशिवाय साठ हजारवाल्याला थांबा म्हणणं मला पटत नाही. ही नवी यंत्रं इकडे पोचायलाही वेळ लागतो. रानवाटा बरीच वर्षं थांबलेतच.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांसाठी. सेकंडहँड बाजारात एचपी रिव्हर्ब जी२ स्वस्तात दिसतो, २१६०×२१६० बघून जीव जातो. तो विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या मायक्रोसॉफ्टच्या व्हीआर सोयीवर अवलंबून आहे आणि ती सोय विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढून टाकलेली आहे. यंदा ओॲसिस नावाचा मोफत ड्रायव्हर आला त्याने ते हेडसेट पुन्हा स्टीमव्हीआरवर चालू लागले, पण फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर. हे माहीत असून घेतलात तर ठीक, नकळत घेऊ नका.

---

रानवाटा | ११ डिसेंबर, रात्री ८.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑफिसातल्या सहकाऱ्याकडे क्वेस्ट ३ आहे, तो शनिवार-रविवार देतोय. माझ्याच पीसीवर लावून बघतो. केबल की वायफाय?

---

चक्रपाणी_के | ११ डिसेंबर, रात्री ९.०५

दोन्ही बघा. केबलसाठी ५ गिगाबिटचा यूएसबी पोर्ट असलेला बरा. चार्जिंगही त्यातूनच, पण बरेच पोर्ट पुरेशी वीज देत नाहीत, बॅटरी हळूहळू उतरतच राहते.

वायफायला एकच नियम: पीसी राउटरला लॅन केबलने जोडा. हवेतून फक्त हेडसेट. पीसी पण वायफायवर असेल तर प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जाते, आणि मग ‘वायरलेस बेकार’ म्हणून लोक ओरडतात. राउटर त्याच खोलीत, ५ गिगाहर्ट्झ, घरचे टीव्ही-मोबाइल २.४ वर ढकला. चित्र हेडसेटवर पाठवणारी दोन ॲप: स्टीम लिंक फुकट आहे, व्हर्च्युअल डेस्कटॉप विकत. आधी फुकटचं वापरा.

---

नाशिकचा_निवृत्त | १२ डिसेंबर, सकाळी ६.५०

निकाल काय लागतो ते कळवा. आम्ही वाट बघतोय.

---

रानवाटा | १ जानेवारी २०२६, रात्री १०.२०

उशीर झाला, पण नीट वापरून मगच लिहायचं ठरवलं होतं.

सहकाऱ्याचा हेडसेट दोन दिवस लावला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःसाठी क्वेस्ट ३ मागवला. मावसभाऊ नाताळात अमेरिकेहून येणार होता, त्याने आणला. जुन्या इंडेक्सवाल्यालाही जाऊन भेटलो. अवघड_वळण, १२० हर्ट्झबद्दल तुम्ही लिहिलंत ते शब्दशः खरं आहे, आणि ते स्पीकर! पण कॉकपिटमधले आकडे मला वाचता आले नाहीत. तिथे ठरलं.

३०६० वर काय चालतं ते लिहितो, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

ॲलिक्स: ९० हर्ट्झ, गेमची सेटिंग मध्यम, काही अडचण नाही. पंधरा मिनिटांच्या बैठकांत तिसऱ्या प्रकरणापर्यंत आलोय. डॉक्टर, पहिल्याच दिवशी जांभई आली आणि मी हेडसेट काढला.

असेटो: एकट्याने ९० पक्के. पंधरा गाड्या उतरवल्या की प्रोसेसर दमतो, आठवर आणल्या. शेवटी विकत घेतलेल्या व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये रिझोल्यूशनच्या पायऱ्या आहेत, ‘मीडियम’ ही माझ्या कार्डाची हद्द. एकदा ‘हाय’ करून बघितलं, पहिल्या वळणाला चित्र अडखळलं आणि पोटात खड्डा पडला. लगेच परत.

फ्लाइट सिम्युलेटर: इथे घाम गाळावा लागला. ढग आणि सावल्या खाली आणल्या, डीएलएसएस (लहान चित्र काढून ते मोठं करायची एनव्हिडियाची युक्ती) क्वालिटीवर, हेडसेट ७२ हर्ट्झला. गेम ३६ देतो आणि मधल्या फ्रेम हेडसेट स्वतः रचतो. प्रॉपेलरभोवती हवा हलल्यासारखी दिसते. एरवी गुळगुळीत. विमानतळावर खूप घरं दिसतात तिथे ३० च्या खाली जातं, उडालं की सावरतं. लांबची झाडी गिचमिड आहे, अगदी सांगितलं होतं तशी. तिची सवय नाही झाली अजून.

काल वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी लोहगाववरून निघालो. खडकवासला आला, सिंहगडाचा टॉवर डावीकडे गेला आणि समोर तोरणा. गड १४०३ मीटर, म्हणून ५००० फुटांवर स्थिरावलो आणि झुंजार माचीच्या बाजूने फेरी घेतली. चित्रात तटबंदी नाही, माचीचा नुसता उतार आहे. पण ती सोंड कशी निमुळती होत खाली जाते ते पायी गेलो तेव्हा धुक्यात दिसलं नव्हतं, ते काल खिडकीतून खाली वाकून पाहिलं. पुढे वाकलो आणि खरंच कपाटाला डोकं आपटलं. पलंग अजून तिथेच आहे, टिंबटिंब.

---

अवघड_वळण | २ जानेवारी, सकाळी ७.५५

अभिनंदन भावा! आठ गाड्या म्हणालास. तुझा बोर्ड एएम४ सॉकेटचा आहे, पुढेमागे ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी प्रोसेसर जुना मिळाला तर घे. त्यातल्या मोठ्या कॅशेचा (प्रोसेसरच्या आतल्या जलद मेमरीचा) फायदा विमानालाही होतो आणि गाड्यांनाही. आणि मल्टिप्लेअरला ये. पन्हाळ्यावरून शर्यत नाही मिळणार, पण न्यूरबर्गरिंग आहे.

---

भरतीओहोटी | २ जानेवारी, दुपारी १२.४०

झुंजार माची वाचून अंगावर काटा आला. पुढच्या वेळी वेंगुर्ल्यापर्यंत या. खाडीवरून डावीकडे वळलात की आमचं घर.

---

गंधाली | २ जानेवारी, संध्याकाळी ७.१५

रानवाटा, चष्मा लावून वापरताय की नंबरच्या लेन्स बसवल्या? चष्म्याची काच हेडसेटच्या लेन्सला घासली तर ओरखडे पडतात, ते जात नाहीत.

---

रानवाटा | २ जानेवारी, रात्री ९.३०

चष्मा लावूनच, आतली पट्टी एक खाच पुढे घेऊन. ओरखड्यांचं लक्षात नव्हतं. उद्याच लेन्स ऑर्डर करतो. नंबर उजवा -२.२५, डावा -१.७५ आहे. सिलिंडर ०.५० आहे, तोही घालायचा ना?

---

गंधाली | २ जानेवारी, रात्री ९.४१

हो, घाला. ॲक्सिसचा आकडा कागदावरून बघून लिहा, अंदाजाने नको.